टर्बोच्या तोंडात मोळी

हंगाम सुरू झाला की माझं डोकं फिरतं. लोकांना थंडीची चाहूल लागली की बरं वाटतं, हुरडा आठवतो, ताजा गूळ आठवतो. मला आठवतो तापलेल्या तेलाचा वास, आणि मग दिवसभर कुणी साधं ‘चहा घेता का’ विचारलं तरी मी फाडकन बोलते. काल दारावरून पहिली ट्रॉली गेली. एकामागं एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबकळतोय, ट्रॅक्टरवर कर्ण्यातून गाणं केकाटतंय आणि मागं दिव्याचा पत्ता नाही. रस्त्यात पडलेलं उसाचं टिपरू पोरांनी उचललं आणि तिथंच कडेला बसून सोलायला लागली. मी उगाच त्यांच्यावर खेकसले. त्यांचं काय चुकलं होतं? काहीच नाही. पण हंगामाचा राग कुणावर तरी निघतोच.

ज्या हंगामाचा हा राग, त्याला आता बरीच वर्षं झाली. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंकुशनगरला राहायचो, कारखान्याच्या कॉलनीत. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये टर्बाइनवर होते. ऊस पिळून उरलेला चोथा जाळायचा, त्यावर वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि त्यातून सगळ्या कारखान्याला वीज. लहानपणापासून आमचं घर भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की अण्णांचा डबा, भोंगा झाला की अण्णांचं पाणी. दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख पडायची, फुंकली की उडायची आणि चोळली की बसायची. मळीचा आंबूस वास तर इतका अंगात मुरलेला की हंगाम संपल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं.

अण्णांनी मला यंत्र ऐकायला शिकवलं. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची. ‘काय येऊन राह्यलं? खरखर का गुणगुण?’ ते विचारायचे. मी डोळे मिटून सांगायचे, गुणगुण. ‘बराबर,’ म्हणायचे आणि डोक्यावर टपली मारायचे. मला डिप्लोमाला मेकॅनिकल घ्यायचंय म्हटल्यावर सगळी भावकी तोंडात बोट घालून बसली, पण अण्णा म्हणाले, ‘घेऊ द्या तिला, तिचा कान चांगलाय.’ हेच अण्णा. म्हणूनच जास्त चीड येते. ज्याला काही कळत नाही त्याच्यावर काय रागवायचं?

डिप्लोमा झाला, लग्न झालं, जालन्याला नांदायला गेले आणि परत आले. नवऱ्यानं दुसरी करून आणली, मी पिशवी उचलली. एवढी साधी गोष्ट. पण कॉलनीत ती साधी राहीना. ‘नांदत न्हाई’ असं माझ्याबद्दल बोललं जायचं, ‘नांदवली न्हाई’ असं त्याच्याबद्दल कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं बंद झालं. कुणाकडं नवी शिलाई मशीन आली तरी बायका म्हणायच्या, ‘तू बस गं बाजूला, आधी हिचा हात लागू दे.’ ही म्हणजे जिचा नवरा घरात आहे ती. मशीनला काय कळतंय कुणाचा नवरा कुठं आहे ते!

त्यात आमच्या बाळूनं गाडी आणली. बाळू माझा धाकटा भाऊ. शहागडला हायवेला लागून आमची एक पत्र्याची शेड होती, तिच्या पुढच्या भागात त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. औरंगाबादच्या कुण्या हौशी उद्योजकानं दोन माणसांची, उघड्या टपाची, लालभडक स्पोर्ट्स कार घेतली होती आणि कंटाळून काढून टाकली. ती बाळूनं उचलली. जमिनीला टेकलेली गाडी! आमच्या रस्त्यावर, जिथं ट्रॉलीचं चाक अडकेल असे खड्डे. कॉलनीतली म्हातारी माणसं तिच्यात वाकून बघायची आणि म्हणायची, ‘अन् बायको-लेकरं कुठं बसवतोस रं?’ दिसायला गाडी अशी की नजर हटू नये. पण आत इंजिन होतं साध्या घरगुती गाडीचं, बारकुसं. चढाला उसाच्या ट्रॉलीमागं अडकली की बाळू हॉर्न वाजवायचा, दात ओठ खायचा आणि तिथंच राहायचा. एकदा तर एका ॲम्बेसिडरनं त्याला मागं टाकलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

‘ताई, हिला टर्बो बसवायचा,’ तो म्हणाला. ‘शहागडला ट्रकचे पडून हायेत. मोठ्ठा बसवू. एकदम विमान.’

मी म्हणाले, ‘गाढवा, ट्रकचा टर्बो ह्या इंजिनाला लावलास तर तो फिरायला लागंपर्यंत तुझं शहागड येईल.’

आणि मग मी त्याला समजावलं. इंजिनातून जो धूर वाया जातो त्याच्या जोरावर एक चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. चोथ्यावर टर्बाइन फिरवतात तसंच की. अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते, त्यांचे डोळे चमकले. ‘म्हंजी वाया जाणाऱ्यावर चालतंय,’ ते म्हणाले. ‘बिलकुल आपलंच.’ तो महिना आमच्या घरातला शेवटचा चांगला महिना होता.

कॉलनीतल्या घरामागं पत्र्याचा आडोसा होता, तिथं फरशीवर मी खडूनं सगळं इंजिन काढलं. भाऊजय मंगल झाडायला यायची तेव्हा खडूच्या रेघांच्या कडेनं झाडायची, एक रेघ पुसू द्यायची नाही. ‘ही नळी कुठं चालली ताई?’ विचारायची. मी सांगायचे. कोंबलेली हवा तापते, तापलेली हवा पसरते, मग फायदा काय, म्हणून ती आधी पुढच्या जाळीमागच्या पेटीतून फिरवून थंड करायची आणि मग इंजिनात सोडायची. बाळूला ती पेटी नकोच होती. ‘कशाला फुकटचा खर्चा,’ म्हणायचा. मी म्हटलं, पेटी नसेल तर मी नाही. शेवटी ट्रॅक्टरच्या जुन्या रेडिएटरवाल्याकडून करून घेतली.

काय काय विचार केला होता मी! ही गाडी शर्यतीची नव्हती. रोज अंकुशनगर ते शहागड, कधी अंबड, कधी जालना. म्हणून हवेचा दाब कमी ठेवायचा, पण लवकर मिळायला हवा, दुसऱ्या गिअरला, ट्रॉली ओलांडताना. टर्बो छोटा हवा. तो बाळूनं मुंबईच्या भंगारातून आणला, परदेशी गाडीचा, तळहातावर मावेल एवढा. आपल्याकडच्या पेट्रोलचा भरवसा नाही, त्यात काय मिसळलेलं असेल देव जाणे, म्हणून इंजिनाच्या डोक्याखाली जाड तांब्याचं पॅकिंग घालून आतला दाब उतरवायचा, नाहीतर पिस्टनची चाळण. टर्बोच्या दांड्याला तेलाची वेगळी नळी. आणि थांबल्याबरोबर इंजिन बंद करायचं नाही, जरा फिरू द्यायचं, तेल फिरलं पाहिजे. ह्यावर बाळू हसला, पण अण्णांनी त्याला झापलं. ‘टर्बाइन बी एकदम थांबवत न्हाईत. ताईचं ऐक.’

ताईचं ऐक. हे शब्द अजून कानात आहेत, आणि त्यांचाच सगळ्यात जास्त राग येतो.

मी हे सगळं हौसेनं केलं का? हौस होतीच. पण माझ्यापुढं दुसरंही काही होतं. पिंपळगाव रेणुकाईहून, आमच्या मूळ गावाहून, नानाकाका येऊन गेले होते. अण्णांचे थोरले भाऊ. त्यांनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. बिजवर, बायको वारलेली, मुलं मोठी, घरी माणसांचं मोठं खटलं. ‘भाकरी थापायला माणूस पायजे त्यांना,’ नानाकाका म्हणाले, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. अण्णांनी मान हलवली. मी भडकले. मला लग्न नको, मला शहागडच्या शेडची मागची अर्धी बाजू द्या, मी तिथं गॅरेज टाकते, असं तोंडावर सांगितलं. दोन दिवस तसेच गेले. मग बाळू म्हणाला, ‘ताई, माझ्या गाडीचं इंजिन चाललं तर मागची शेड तुझी. न्हाई चाललं तर नानाकाकाचं ऐक.’ अण्णा म्हणाले, ‘ठरलं.’

ठरलं म्हणे! घरच्या लेकीनं जागा मागितली तर तिनं आधी परीक्षा द्यायची. बाळूनं दुकान टाकलं तेव्हा त्याची कुणी परीक्षा घेतल्याचं मला आठवत नाही. पण मी कबूल झाले, कारण मला इंजिनावर विश्वास होता. माणसांचा हिशोब मी धरलाच नव्हता.

थंडी वाढत गेली. सकाळी लोखंडी पाने हातात घेतले की बोटं चिकटायची. उसाच्या बैलगाड्यांची रांग कारखान्याच्या फाटकापासून कॉलनीपर्यंत यायची, तोडणीवाल्यांच्या चुली पेटायच्या, त्यांच्या भाकरीचा वास आमच्या पत्र्याच्या आडोशात यायचा. मी नट आवळत असायचे आणि मंगल बॅटरीचा उजेड धरून उभी असायची. एकदा इंजिन अडखळत फिरलं, मग टर्बोनं बारीक शिट्टी धरली आणि मंगल घाबरून मागं सरली. मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. गुणगुण. नुसती गुणगुण. मी तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला आणि तिनंही ऐकलं. आम्ही दोघी उगाच हसत सुटलो.

म्हणजे इंजिन चाललं होतं. पण ते मोजायचं नव्हतं, कारण पूजा व्हायची होती.

कारखान्याचा बॉयलर पेटवताना जोडप्याच्या हातून पूजा करतात. मग गव्हाणीची पूजा होते. जिथून ऊस यंत्रात जातो ती गव्हाण. तिच्यात पहिली मोळी टाकायची, मोठमोठी माणसं हात लावतात, फोटो निघतात, पेढे वाटतात. आमच्या घरात अण्णांनी ही पद्धत जशीच्या तशी उचललेली. नवं यंत्र घरात आलं, मग ते पिठाची गिरणी का असेना, जोडपं बसणार आणि यंत्राच्या तोंडात पहिला घास अण्णा घालणार. गिरणीला मूठभर ज्वारी. पाण्याच्या पंपाला पसाभर पाणी. ठीक आहे, गिरणी ज्वारी खाते, पंप पाणी ओढतो.

पूजेच्या दिवशी अंगणात ताडपत्री घातली, नानाकाका आले, कॉलनीतली माणसं आली. गाडी झेंडूनं मढवली. बाळू आणि मंगल पाटावर बसणार. मंगल आत येऊन माझा हात धरून म्हणाली, ‘ताई, मला काय कळतंय ह्यातलं? तुमीच बसा ना.’ मी म्हणाले, ‘जा तू, उगाच वाद नको.’ मला सांगितलं होतं की मी दारातच थांबायचं, उंबऱ्याच्या आत. माझ्याच हातानं बसवलेल्या इंजिनापासून सात-आठ हात लांब, पाहुण्यासारखी.

आणि बाळूनं काय केलं? टर्बोच्या तोंडावर मी हवेची जाळी, म्हणजे फिल्टर, बसवलेली, मोठी, गोल. ती त्या शहाण्यानं काढून ठेवली. का? तर फोटोत टर्बो दिसला पाहिजे! चकाकतं चाक दिसलं पाहिजे! मी दारातून ओरडले, ‘बाळू, फिल्टर लाव!’ पण गुरुजींचा आवाज चढलेला, कुणीतरी मागं वळून मला ‘श्श’ केलं. मला! मग अण्णा पुढं झाले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, अंगावर भारी रुबाब. ताटातलं हळदकुंकू घेतलं, फूल घेतलं, अक्षता घेतल्या, वर एक सुपारी ठेवली, आणि गव्हाणीत मोळी टाकावी तसं ते सगळं त्या उघड्या तोंडात घातलं. हात जोडले.

जो माणूस टर्बाइनच्या खोलीत शर्टाचं सैल बटण चालू द्यायचा नाही, तो माणूस! ‘अण्णा!’ मी उंबरा ओलांडून धावले, पण नानाकाकांनी हात आडवा घातला, ‘आगं थांब की, मुहूर्त हाय,’ आणि तेवढ्यात बाळूनं चावी फिरवली. नुसती फिरवून थांबला असता तरी निभावलं असतं. पण माणसं जमली होती ना! त्यानं पाय दाबला. शिट्टी चढत गेली, चढत गेली, आणि मग कडाडकन आवाज झाला. त्यानंतर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं कर्रकर्र. मी नानाकाकांचा हात झिडकारला, गाडीत हात घालून चावी काढून घेतली.

पहिला आवाज नानाकाकांचा.

‘सांगितलं व्हतं मी. असल्या बाईचा हात नव्या यंत्राला लावू नका म्हणून. ऐकता का कुणी?’

दोन-चार माना हलल्या. मी अण्णांकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. त्यांना पहिल्या आवाजातच कळलं होतं, त्यांचा कान माझ्यापेक्षा तयार. मला वाटलं आता बोलतील, आता म्हणतील की चूक माझी. ते टोपी सारखी करत उभे राहिले.

मग मी बोलले. पाना आणला, नळी सोडली, थंड हवेची पेटी काढून पूजेच्या ताटात उपडी केली. अक्षता पडल्या. सुपारीचे तुकडे पडले, कुंकू लागलेले. आणि टर्बोच्या चाकाची मोडलेली पाती पडली, चकचकीत. ‘बघा,’ मी म्हणाले, ‘बाईचा हात बघा. ही पेटी नसती तर हे सगळं इंजिनात गेलं असतं. कुणी घातलं हे आत?’

गुरुजी उपरणं आवरायला लागले. अण्णा माझ्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, ‘सुपारीचं नाव नको काढू. टर्बाइनवर जिंदगी गेली माझी. लोकं काय म्हणतील? पार्ट खराब निघाला म्हणू.’

आजही ते तसंच सांगतात. निवृत्त झाले, दात गेले, पण पाहुण्यांपुढं गाडीचा विषय निघाला की ‘पार्टच खराब निघाला व्हता’ हे ठरलेलं. मी समोर बसलेली असते. त्यांचे पाय दुखतात म्हणून औषध मी आणते, चष्मा मी करून देते, आणि हे वाक्य ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पूजा चुकली असं म्हणायचं नाही, अण्णा चुकले म्हणायचं नाही, मग उरलं कोण? पार्ट, नाहीतर मी. लोकांनी दोन्हीत मलाच निवडलं. कितीतरी दिवस पाणी भरायला गेले की बायका कुजबुजायच्या. माझ्या वडिलांना दोन शब्द जड झाले आणि त्यांची किंमत मी भरायची, हा कुठला न्याय?

बाळू तरी काय, खाली मान घालून म्हणाला, ‘ताई, शेडचं आता अवघडच हाय. इंजिन चाललं तर असं ठरलं व्हतं.’

मी त्याच्याकडं पाठ फिरवली. बाकीचे सगळे पंगतीला बसले. त्यांना भूक लागली होती! वाढणाऱ्यांची लगबग, पत्रावळींचा आवाज, ‘बुंदी आण रं इकडं’. मी साडीचा पदर खोचला आणि गाडीत शिरले. टर्बो उतरवला. बोटं भाजली, भाजू दिली. तेलाची नळी बूच मारून बंद केली. इंजिनाचा जुना धुराचा पाइप मी टाकून दिला नव्हता, तो परत चढवला, हवेची जाळी सरळ कार्बोरेटरवर आवळली. मंगल ताट वाढायचं सोडून आली आणि एकेक नट हातात देत गेली. तिच्या पूजेच्या हिरव्या साडीला काळं ऑइल लागलं. नानाकाका पंगतीतून ओरडले, ‘सूनबाई, वाढायला या.’ ती गेली नाही.

ताक वाढायचा शेवटचा वाडगा फिरत होता तेव्हा मी गाडीत बसले. त्या गाडीच्या चालवायच्या सीटवर मी पहिल्यांदा बसत होते. चावी फिरवली. इंजिन खोकलं, बंद पडलं. पंगतीत कुणीतरी हसलं. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकलं, थरथरलं, आणि मग धरलं. आतला दाब मी उतरवून ठेवलेला आणि टर्बो नाही, त्यामुळं ते आधीपेक्षाही मवाळ झालं होतं, ट्रॉली सोडा, सायकलसुद्धा ओलांडली नसती त्यानं. पण बंद पडलं नाही. मी पाय काढला तरी ते आपलं चालत राहिलं.

‘चाललं,’ मी म्हणाले. ‘शेडची किल्ली दे.’

बाळूच्या हातातला घास हातातच राहिला. तो अण्णांकडं बघायला लागला. अण्णा पत्रावळीकडं बघायला लागले. ‘आसं कुठं असतंय का,’ बाळू पुटपुटला, ‘टर्बोसकट चालायचं ठरलं व्हतं.’

‘इंजिन म्हणाला होतास. सगळ्यांपुढं म्हणाला होतास.’

मंगल घरात गेली. खुंटीवरून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढून आणला, त्यातली मागच्या शेडची किल्ली ऑइलनं माखलेल्या बोटांनी सोडवली आणि नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, सगळ्या पंगतीच्या देखत माझ्या मांडीवर टाकली. ‘जावा ताई,’ म्हणाली.

मी गिअर टाकला. नानाकाका खरकट्या हातानं उठून गाडीच्या आडवे आले. ‘आगं ए, डोकं फिरलंय का तुझं? त्या स्थळाकडचे पाव्हणे येऊन राह्यलेत तुला बघायला! त्यांना काय सांगू मी?’

‘त्यांना शहागडला पाठवा,’ मी म्हणाले. ‘गाडीचं काही काम असंल तर करून देईन.’